कातडीखाली करकर वाजते तेव्हा

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. नागपुरात ऊन पंचेचाळीसच्या आसपास आणि लग्नसराई ऐन भरात. महाल भागातल्या एका गल्लीतून फोन आला, घोडी मान हलवत नाही म्हणून. मी पोचलो तेव्हा ती पांढरी घोडी तबेल्याच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. उजव्या बाजूला मान सुजून टम्म झालेली. सूज वरून गार लागत होती. बोटांनी हलकं दाबलं, तर तांदळाचा भाजलेला पापड मुठीत चुरावा तसा आवाज कातडीखालून आला.

"परवा पोट दुखत होतं जी हिचं," मालक सांगू लागले. "रात्री लोळून रायली होती. ओळखीतला एक जण आहे, म्हशीगिशी पाह्यते तो. त्यानं मानेत सुई मारली. पोट तर थांबलं, पण सकाळपासून हे असं."

काय झालं असावं, ते मला त्या आवाजावरूनच कळलं होतं. मालकांना समजावून सांगायला मात्र अर्धा तास लागला. हातात तेवढा वेळ नव्हता. ज्यांच्याकडे घोडा, घोडी, शिंगरू, खेचर आहे, त्यांनी हे शांतपणे आधीच वाचून ठेवावं म्हणून ते सगळं इथे लिहितो आहे.

या दुखण्यामागे जंतूंचं एक मोठं घराणं आहे, क्लॉस्ट्रिडियम नावाचं. नाव अवघड असलं तरी विदर्भातल्या पशुपालकांना हे घराणं चांगलं ओळखीचं आहे. पावसाळ्याच्या तोंडाला वासराचा फरा सुजतो, ते लंगडतं आणि दिवसभरात जातं, तो फऱ्या याच घराण्यातला. कोवळं गवत खाऊन धडधाकट मेंढी रातोरात मरून पडते, तो आंत्रविषारही यांचाच. खिळा लागून होणारा धनुर्वात यांच्यातलाच. घोड्याच्या आतड्यात आणि मांसात जो उत्पात होतो, तोही याच भावकीचं काम.

या सगळ्यांची एक खोड समान आहे. हवेतला प्राणवायू यांना सोसत नाही, म्हणून जिथे हवा पोचत नाही तिथेच ते वाढतात. बाहेरच्या हवेत, उन्हात, मातीत आले की ते मरत मात्र नाहीत. स्वतःभोवती जाड कवच करून झोपून राहतात. या झोपलेल्या रूपाला बीजाणू म्हणतात. नागपूरचं मे महिन्यातलं ऊनही त्यांना पुरेसं मारत नाही. मातीत, शेणात, तबेल्याच्या फटीत ते वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पुन्हा कोंदट, बिनहवेची, खायला भरपूर असलेली जागा मिळाली की जागे होतात. जागा झाल्यावर त्यांचा वेग अचाट असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जातीचा जंतू सोयीच्या जागी साधारण दहा मिनिटांत एकाचे दोन होतो. दहा मिनिटांचा हिशेब धरला तर पाच तासांत एकाचे एक अब्जाच्या वर. म्हणून या दुखण्यात 'सकाळी बघू' हे चालत नाही.

आणि मारतो तो जंतू नव्हे, त्याचं विष. वाढता वाढता हे जंतू जे विष सोडतात ते पेशींची भिंत विरघळवतं, रक्तवाहिन्या फोडतं किंवा मज्जातंतूंना धरतं. जंतू एका जागी असतो आणि विष अंगभर फिरतं. जंतू मारणारं औषध दिल्यावरही जनावर लगेच सावरत नाही, ते यामुळे.

आता त्या घोडीच्या मानेकडे येतो. मांसात सुई दिली की तिथे औषधाचा एक छोटा साठा होतो. काही औषधं मांसाला झोंबतात. घोड्याच्या पोटशूळात सर्रास दिलं जाणारं फ्लुनिक्सिन हे त्यातलं सगळ्यात बदनाम. झोंबल्यामुळे तिथलं थोडंसं मांस मरतं. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही. या जंतूंना हवी तशी खोली तयार झाली. बीजाणू तिथे दोन वाटांनी येतात असं मानलं जातं. एक, अस्वच्छ सुई किंवा कातडीवरची घाण. दुसरी वाट अशी की आतड्यातून रक्तावाटे काही बीजाणू आधीच मांसात येऊन झोपलेले असतात आणि जागा मिळाली की उठतात. त्यामुळे नवीकोरी, पाकिटातली सुई वापरली म्हणून धोका शून्य होत नाही. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण लोक सुई उकळली होती का यावरच भांडत बसतात. खरा प्रश्न असा की ते औषध मांसात द्यायला हवं होतं का. फ्लुनिक्सिन शिरेतून देता येतं, तोंडानेही देता येतं. पोटशूळाच्या घोड्याला ते शिरेतून द्यायला मात्र जाणकार हात लागतो. मानेतली ती शीर आणि तिच्या शेजारची धमनी यांत गफलत झाली तर घोडा जागच्या जागी कोसळतो.

सुई दिल्यापासून सहा तास ते तीन दिवस या काळात सूज येते. आधी गरम आणि दुखरी, मग झपाट्याने पसरणारी, मधोमध गार पडलेली. जंतू मांस कुजवताना वायू तयार करतात, तो कातडीखाली साठतो आणि बोटाखाली करकर वाजतो. ताप चढतो, घोडा चारा सोडतो, हिरड्या लालभडक किंवा जांभळट होतात. साधं गळूही सुईच्या जागी होतं, पण ते सावकाश वाढतं आणि जनावर खातंपितं असतं. सूज तासातासाला पुढे सरकत असेल तर ते गळू नाही. मी मालकांना एक सोपी गोष्ट सांगतो. सुजेच्या कडेला खडूने रेघ मारून ठेवा. दोन तासांनी सूज रेघ ओलांडून गेली असेल तर वाट बघू नका.

उपचार बघताना मालकांचा जीव वर येतो. पेनिसिलिनचे मोठे डोस शिरेतून द्यावे लागतात. त्यासोबत सुजेवर लांब उभे चिरे देऊन कातडी आणि खालचं मांस उघडं करावं लागतं. ज्या हवेला तो जंतू घाबरतो ती हवा आत सोडायची आणि मेलेलं मांस बाहेर काढायचं, एवढाच त्यामागचा विचार. त्या दिवशी मालकांनी माझा हात धरला होता. "साहेब, हिची मानच कापून रायले का?" मी त्यांना म्हणालो, "भाऊ, बंद ठेवली तर मान राहील आणि घोडी जाईल." अमेरिकेत १९८५ ते २००० या काळातल्या अशा ३७ घोड्यांचा अभ्यास झाला होता. चिरे आणि औषध असे जोरकस उपचार मिळाल्यावर त्यातले सुमारे ७३ टक्के घोडे वाचले. या रोगासाठी हा आकडा फार मोठा आहे, आणि तो वेळेत केलेल्या कामाचा आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांतल्या खंदकांत हाच रोग सैनिकांना झाला. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली ती माती होती. गोळीबरोबर मातीने माखलेला कपड्याचा तुकडा मांसात खोल जायचा आणि दोन दिवसांत पाय कुजायचा. तेव्हाच्या शल्यवैद्यांना हेच कळलं की जखम शिवून बंद करू नका, मेलेलं मांस काढा, उघडी ठेवा.

मांसातला रोग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. पोटातला दिसत नाही, आणि घोड्याचं पोट हे प्रकरणच वेगळं आहे. गाय चारा आधी पोटात आंबवते आणि मग पचवते. घोड्याचं उलटं. त्याचं जठर लहान, आठ ते पंधरा लिटरचं. खरी आंबवणी होते ती मागे, आंधळं आतडं आणि मोठं आतडं यांच्यात. एकटं आंधळं आतडंच तीसेक लिटरचं, पाण्याच्या मोठ्या माठासारखं. तिथे कोट्यवधी उपयोगी जंतू कडबा, गवत, भुसा आंबवून घोड्याला ताकद देतात. शिवाय हेच मोठं आतडं रोज ढीगभर पाणी परत अंगात ओढून घेतं. आणि घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटात गेलेलं चुकीचं काहीही मागेच सरकतं.

या उपयोगी जंतूंच्या वस्तीत काही उपद्रवीही थोड्या संख्येने असतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स निरोगी घोड्याच्या लिदीतही सापडतो. दुसरा क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल. हा १९३५ साली हॉल आणि ओटूल या दोघांना तान्ह्या बाळांच्या विष्ठेत सापडला, आणि वाढवायला कठीण म्हणून त्याचं नावच 'डिफिसिल' पडलं. पुढे १९७८ मध्ये लक्षात आलं की प्रतिजैविकं घेतल्यावर माणसांना जो भयंकर जुलाब होतो, त्यामागे हाच आहे. शेतात पीक दाट असलं की तणाला जागा मिळत नाही, तसं उपयोगी जंतू दाट असतात तोवर हे दबून राहतात. पीक उपटलं की तण माजतं. घोड्याच्या पोटातलं पीक आपण दोन प्रकारे उपटतो.

पहिला प्रकार औषधाचा. शेळीला, कोंबडीला चालणारं प्रतिजैविक घोड्याला चालेलच असं नाही. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन तोंडाने दिलं तर घोड्याचं मोठं आतडं सुजून तो मरू शकतो. तोंडाने दिलेलं टेट्रासायक्लिनही धोक्याचं. स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्वदीच्या दशकात एक विलक्षण गोष्ट दाखवली. फुफ्फुसाच्या आजारासाठी शिंगरांना एरिथ्रोमायसिन देत होते. शिंगरं बरी होत होती, पण शेजारी उभ्या त्यांच्या आयांना जुलाब लागून काही मरत होत्या. पिल्लाच्या तोंडाला आणि लिदीला लागलेलं थोडंसं औषध आईच्या पोटात जात होतं. तेवढ्यानेच तिच्या आतड्यातली वस्ती ढासळली आणि डिफिसिल माजला. चाटून गेलेल्या औषधाने एवढं होतं, तर मेडिकलमधून गोळ्या आणून अंदाजाने पाजल्या तर काय होईल याचा विचार व्हावा.

दुसरा प्रकार खाण्याचा, आणि लग्नसराईत तो जास्त दिसतो. वरातीतली घोडी पाहुण्यांची लाडकी. कोणी लाडू चारतो, कोणी पुरी, कोणी वाटीभर भिजले हरभरे. मालकही मोठं काम आहे म्हणून त्या दिवशी दाणा दुप्पट करतात. हा सगळा पिष्टाचा भार लहान आतड्याला झेपत नाही, तसाच मागे जातो. तिथे तो भलत्या वेगाने आंबतो, आम्ल तयार होतं, उपयोगी जंतू मरतात आणि मरताना स्वतःच्या भिंतीतलं विष रक्तात सोडतात. दोन-तीन दिवसांनी घोडी पाय टेकवत नाही. पोटातल्या विषामुळे खुराच्या आतला थर सुजतो आणि सुटू लागतो, आणि हे दुखणं कितीदा जन्मभराचं होतं. आपल्याकडच्या तीनशे-साडेतीनशे किलोच्या घोडीला एका वेळी किलो-दीड किलोच्या वर दाणा देऊ नये. वाढवायचा असेल तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा. पाहुण्यांना खाऊ घालायची हौस असेल तर मूठभर गवत हातात द्यावं, घोडीला तेही गोड लागतं.

आतड्यातला हा रोग कसा ओळखायचा? पाण्यासारखी पातळ लीद, घाण वास, कधी रक्त. कधी लीद पातळ व्हायच्या आधीच घोडा पोटशूळाने तळमळतो, आणि एखादा तर जुलाब दिसायच्या आतच कोसळतो. हिरड्या बघायची सवय लावून घ्या. निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि ओली असते, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत येतो. रोगात ती विटकरी किंवा जांभळी होते, कोरडी पडते, दातांच्या कडेला गडद पट्टा दिसतो. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, साठच्या वर गेली की गोष्ट गंभीर आहे.

मारतं ते आधी पाण्याचं तुटणं. साडेतीनशे किलोच्या घोडीच्या अंगातून वजनाच्या आठ टक्के पाणी गेलं, तर अठ्ठावीस लिटरची तूट झाली. मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या दोन बाटल्यांनी तिथे काहीच होत नाही, आणि मालकाला मात्र उपचार झाल्यासारखं वाटतं. म्हणून अशा जनावराला जिथे मोठ्या प्रमाणात सलाईन चढवायची सोय आहे तिथेच न्यावं. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना जवळ आहे. गावाकडच्यांनी १९६२ या क्रमांकावर फोन लावून फिरत्या पथकाची विचारणा करावी. सुरू असलेलं प्रतिजैविक बहुतेक वेळा थांबवावं लागतं आणि या जंतूंवर चालणारं मेट्रोनिडॅझोल डॉक्टर ठरवतील तसं द्यावं लागतं. खूर वाचवण्यासाठी चारही पाय बर्फात ठेवतात, दोन-तीन दिवस सलग. मी बर्फाच्या लादीवाल्यालाच तबेल्यात उभं केलं आहे, एकदा नाही, कित्येकदा.

तपासणीबद्दल एक सांगायला हवं. लिदीत परफ्रिंजेन्स सापडला एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, तो निरोगी घोड्यातही असतो. लिदीत विष सापडलं का, हे बघायचं असतं. अहवाल हातात आला की डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा.

शिंगरांचं वेगळं. जन्मल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांतच रक्ती हगवण लागून शिंगरू काही तासांत जातं. परफ्रिंजेन्सच्या एका प्रकारचं विष एरवी पोटातल्या पाचक रसाने नष्ट झालं असतं. पण चिकात तो रस अडवणारा घटक असतो, आईकडून आलेली संरक्षक द्रव्यं पचून जाऊ नयेत म्हणून. त्याच आडोशाने विषही वाचतं. म्हणून चीक बंद करायचा नाही, तो पहिल्या काही तासांत पोटभर गेलाच पाहिजे. व्यायची जागा कोरडी, स्वच्छ ठेवायची आणि घोडीचे सड शिंगरू तोंड लावायच्या आधी धुवायचे.

स्वच्छतेबद्दल गैरसमज फार. हाताला लावायचं सॅनिटायझर बीजाणूंना मारत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं, म्हणजे ते निदान धुऊन तरी जातात. तबेल्यात आधी लीद खरवडून काढायची, फरशी घासायची आणि मगच ब्लीचिंगचं पाणी मारायचं. लिदीवरच ब्लीचिंग ओतलं तर त्याची ताकद लिदीतच संपते. जुलाबाच्या घोड्याचं घमेलं, बादली, खरारा वेगळा ठेवायचा. आणि त्याला हात लावल्यावर घरातल्या लहान मुलांना घेण्याआधी हात कोपरापर्यंत धुवायचे. डिफिसिल माणसांनाही होतो.

धनुर्वाताबद्दल थोडं. जनावरांत या विषाला सगळ्यात जास्त बळी पडतो तो घोडाच. नालबंदाचा खिळा चुकून खोल गेला, रस्त्यावरचा खिळा खुरात रुतला, खच्ची करताना झालेली जखम, शिंगराची नाळ, कुठूनही सुरुवात होते. जखम बहुतेकदा लहान आणि वरून बुजलेली असते, म्हणजे पुन्हा तीच बिनहवेची खोली. आठवडा ते तीन आठवड्यांनी घोडा लाकडी घोड्यासारखा चारी पाय ताणून उभा राहतो, शेपूट उचललेली, कान ताठ, जबडा मिटलेला. टाळी वाजवली की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक पांढरा पडदा सर्रकन पुढे येतो. तो पडदा एकदा पाहिला की विसरता येत नाही. म्हणून जखमेवर जळकं ऑइल, शेण, चिखल लावून ती बुजवू नका. भरपूर पाण्याने धुवा, उघडी ठेवा.

या जंतूला १८८९ मध्ये कितासातो या जपानी संशोधकाने बर्लिनला कॉखच्या प्रयोगशाळेत वेगळं वाढवलं, हवेऐवजी हायड्रोजन वायूत. पुढच्याच वर्षी बेहरिंग या जर्मन संशोधकाबरोबर त्याने दाखवलं की या विषाविरुद्ध तयार झालेलं प्रतिविष रक्तातून काढून दुसऱ्या जिवाला वाचवता येतं. त्यानंतर माणसासाठी हे प्रतिविष तयार करायला निवडला तो घोडा. खंदकातल्या लाखो सैनिकांना टोचलं गेलं ते घोड्याच्या रक्तातलं द्रव्य होतं. आजही सापाच्या विषावरचं आपलं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातूनच येतं. ज्याच्या रक्ताने आपल्याला एवढं दिलं, तो आपल्या तबेल्यात धनुर्वाताने आखडून मरावा, हे मला फार लागतं. कारण घोड्यासाठी लस आहे आणि ती महागही नाही. पहिल्या दोन सुया महिन्याच्या अंतराने, मग दरवर्षी एक, गाभण घोडीला व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी. गुरांची फऱ्याची किंवा मेंढ्यांची आंत्रविषाराची लस मात्र घोड्याला टोचू नका, ती त्याच्यासाठी बनलेली नाही.

महालातली ती घोडी वाचली. मानेवर पाच लांब चिरे दिले होते. पहिले चार दिवस तिला चारा खांद्याच्या उंचीवर टांगून द्यावा लागला, कारण मान खाली जात नव्हती. मालकांचा धाकटा मुलगा रोज दोनदा जखम धुवायचा, माशा बसू नयेत म्हणून रात्री शेजारी खाट टाकून झोपायचा. एप्रिल-मेची सगळी कामं गेली, आगाऊ घेतलेले पैसे त्यांना परत करावे लागले. जखम भरायला दीड महिना लागला.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला मी तिला पुन्हा पाहिलं. चिऱ्यांच्या जागी केस उगवले होते, पण मानेवर पाच उंचवट्यांच्या रेघा हाताला लागत होत्या. मालकांनी त्यावरून जरीची झूल ओढली. तबेल्याच्या आतल्या भिंतीवर, दाण्याच्या पिंपाच्या वर, त्यांनी खडूने पुढच्या धनुर्वाताच्या सुईची तारीख लिहून ठेवली होती. पुसली जाऊ नये म्हणून त्यावर सेलोटेप चिकटवली होती.